संयमाचा जीन

माणसाची इच्छाशक्ती त्याच्या यकृतापेक्षा बलवान असते, हे २०४३ साली कराड येथे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं. सिद्ध झालेलं ते अकरा महिने टिकलं. त्यानंतर संबंधित मंडळींनी विषय बदलला.

ज्या यकृतावर हे सिद्ध झालं ते कांचन देशमाने यांचं. कांचनताई पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होत्या. वय सत्तावन्न, लग्न केलेलं नाही, आणि निर्जळ उपवासाच्या बाबतीत सातारा जिल्ह्यात त्यांच्या आसपास कोणी नव्हतं. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, हरितालिका, शिवरात्र आणि मधूनमधून महिला मंडळ जाहीर करेल ते. वर्षाकाठी चाळीसेक दिवस त्या पाण्याचा थेंबही घेत नसत. उपवास पुढेमागे बंद पडतील असं जुन्या सुधारकांना वाटायचं. त्यांना ॲपची कल्पना नव्हती. मंडळाच्या ॲपवर प्रत्येकीचे सलग उपवास आकड्यात दिसायला लागले, तेव्हापासून ज्या बायका देवासाठी उपाशी राहत नव्हत्या त्या शेजारणीसाठी राहायला लागल्या. त्या यादीत कांचनताई अशा उंचीवर होत्या की दुसऱ्या क्रमांकाच्या बाईंनी नाद सोडून चित्रकलेचा क्लास लावला होता.

त्यांचा धाकटा भाऊ गिरीश त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. गिरीशला उपवास जमत नसे. त्याला दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायला लागायचं, आणि त्यावरून ताईने त्याला चाळीस वर्षं बोलणी खायला घातली होती. तीही तो खायचा.

गिरीशची मुलगी मिहिका बारा वर्षांची. वयात आल्यापासून महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या पोटात असं दुखायचं की पोर गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडून राहायची. पहिल्या डॉक्टरांनी जंत सांगितले, दुसऱ्यांनी परीक्षेची भीती, तिसऱ्यांनी नाटक. चौथ्यांनी अपेंडिक्स काढायचा दिवसच ठरवला. आदल्या सकाळी तपासणीसाठी घेतलेली लघवीची बाटली कोणीतरी खिडकीत विसरलं, आणि दुपारपर्यंत उन्हात ती कोकम सरबतासारखी लाल झाली. एका नर्सबाईंनी ती उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. पुण्याहून तपासणीचं उत्तर आलं ते पोर्फिरिया. यकृताचा, आनुवंशिक.

हा काय प्रकार आहे ते पुण्याच्या संशोधन संस्थेतल्या डॉ. सानिका रणपिसे यांनी सगळ्या देशमान्यांना समोर बसवून समजावलं. बाई पस्तिशीच्या, बोलायला स्पष्ट. रक्ताला लाल करणारं हीम नावाचं द्रव्य यकृतालाही लागतं आणि ते यकृत स्वतः बनवतं, असं त्या म्हणाल्या. कच्चा माल एकामागून एक आठ विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, हाताखालून जातो आणि शेवटी हीम तयार होतं. मिहिकाच्या यकृतात तिसरं विकर निम्मंच आहे.

“म्हणजे आठ टेबलं आहेत आणि तिसऱ्या टेबलावरचा कारकून अर्ध्या दिवसाच्या रजेवर,” कांचनताई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. इतकं नेमकं त्यांना विद्यार्थ्यांकडूनही कधी ऐकायला मिळालं नव्हतं. मग त्यांनी पुढचं ताईंच्याच भाषेत सांगितलं. एरवी अर्ध्या कारकुनावर भागतं. पण माणूस उपाशी राहिला, काही ठरावीक औषधं घेतली, किंवा पाळीच्या आगेमागे संप्रेरकं वरखाली झाली, की पहिलं टेबल पिसाळल्यासारख्या फायली पुढे ढकलायला लागतं. तिसऱ्या टेबलावर ढीग लागतो. तो ढीग विषारी. तो नसांना धरतो. पोट दुखतं, हातापायातली ताकद जाते, वेळीच आवरलं नाही तर श्वासाचे स्नायूही थांबतात. पोटात साखर गेली की पहिलं टेबल शांत होतं. मोठ्या माणसांसाठी पहिलं टेबलच बंद ठेवणारं इंजेक्शन होतं, पण ते मिहिकाच्या मूत्रपिंडांना झेपलं नव्हतं. तेव्हा तिने दर तीन तासांनी खायचं, पाळीच्या दिवसांत जास्तच जपायचं, आणि आता कुणीतरी तिसरा मार्ग शोधायचा.

दोष एका पालकाकडून आला तरी पुरतो, आणि ज्यांच्यात असतो त्यांतल्या बहुतेकांना जन्मात काही होत नाही. म्हणून सगळ्यांचं रक्त तपासलं. गिरीशमध्ये तो निघाला. कांचनताईंमध्येही निघाला.

“पण ताईंचे तर निर्जळ उपवास असतात,” गिरीशची बायको रेवती म्हणाली. हे तिने अभिमानानेच सांगितलं.

डॉ. रणपिश्यांनी ‘वर्षाला किती’ आणि ‘किती वर्षं’ एवढंच विचारलं, आणि मनातल्या मनात गुणाकार करताना त्यांचा चेहरा देवळात आल्यासारखा झाला. तिसऱ्या टेबलावर अर्धाच कारकून, वर्षाला चाळीस वेळा कडकडीत उपास, आणि अडतीस वर्षांत एकही झटका नाही. या यकृतात नक्कीच दुसरं काहीतरी होतं, जे ढीग लागूच देत नव्हतं. ते शोधून मिहिकाच्या यकृतात लिहिता आलं तर तिसरा मार्ग सापडला.

त्या वर्षी संस्थेने एक यंत्र तयार केलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, सुईने यकृतात सोडायचं; तिथे बसून ते दर दहा मिनिटांनी ढीग मोजायचं आणि आकडा बाहेर पाठवायचं. त्याला सगळे ‘दाणा’च म्हणायचे. एक दाणा मिहिकात बसवला, कारण तो दुखणं सुरू होण्याआधी पाच-सहा तास इशारा द्यायचा. दुसरा कांचनताईंमध्ये.

दाणा बसवून घेताना कांचनताईंचे हात गार पडले होते. सुईला घाबरल्या असं नर्सला वाटलं. खरं कारण वेगळं होतं. एकोणिसाव्या वर्षी पहिली निर्जळ हरितालिका केली तेव्हा त्यांच्या पोटात असाच आगडोंब उठला होता. त्यांचं मात्र अपेंडिक्स काढलं गेलं. ते ठणठणीत होतं, पण सर्जनने बरणीत घालून दाखवल्यावर वडिलांना खराब वाटलं. पंधरा दिवस उजवा हात उचलत नव्हता. त्यातून उठल्यावर एवढं भोगूनही पोरीने व्रत मोडलं नाही म्हणून गल्लीतल्या बायका त्यांच्या पाया पडायला आल्या, आणि आपण परत कधी असं करणार नाही हे त्यांना सांगायची संधीच मिळाली नाही.

पुढच्या उपवासाला सकाळी अकराला पोटात पहिली कळ आली तेव्हा त्यांनी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, राजगिऱ्याचा एक लाडू खाल्ला. कळ गेली. तीन तासांनी परत आली, परत लाडू. अकरा, दोन, पाच, आठ. पुढे त्यांनी कळेची वाट बघणंही सोडलं; घड्याळ बघायला लागल्या. ऑफिसात ‘प्रलंबित’ लिहिलेल्या खणात डबी असायची, कारण तो खण कोणी उघडणार नाही याची त्यांना खात्री होती. अडतीस वर्षांत एक वेळ चुकली नाही. उपवास करणाऱ्या बायका महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. इतक्या शिस्तीने न करणारी दुसरी झाली नसावी.

दाणा आता बिंग फोडणार, असं त्या धरून चालल्या होत्या. पहिल्या एकादशीला संस्थेतून फोन आला. आकडा दिवसभर जागचा हलला नव्हता. डॉक्टरबाईंचा आवाज भरून आला होता.

यात दाण्याचा दोष नव्हता. त्याला ढीग मोजायला सांगितलं होतं, त्याने तो मोजला. साखर मोजायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. संस्थेत अठरा संशोधक होते. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे उपवासाच्या दिवशी बोटातून रक्त घेऊन साखर बघायला हवी होती. पण अठराही जण मराठी घरांतले. निर्जळ एकादशीच्या दिवशी आईच्या वयाच्या बाईच्या दारात जाऊन ‘तुम्ही खरंच जेवला नाहीत ना’ हे बघायला कोण जाणार? त्यांनी फॉर्मवर ‘उपवास: निर्जळ’ अशी नोंद केली आणि फोनवरून नमस्कार सांगितला. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शिंगाड्याचा शिरा खाऊन उपवास करणाऱ्या बायकांची साखर त्यांनी अगदी काटेकोरपणे मोजली. ती उत्तम निघाली.

कांचनताईंच्या जनुकांमध्ये एका जागी एक अक्षर वेगळं सापडलं. प्रत्येकाच्या जनुकांत लाखो अक्षरं वेगळी असतात, पण बाकीच्यांच्या यकृताकडे कोणी बघत नव्हतं. संस्थेने त्याला कराड घटक असं नाव दिलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘संयमाचा जीन’ म्हटलं आणि कांचनताईंचा हात जोडलेला फोटो छापला. मंडळाने सत्कार केला. त्या सत्कारातही त्या दोन वाजता हात धुवायला म्हणून पाच मिनिटं उठल्या.

गप्प राहण्यात कोणाचं काही बिघडत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. डॉक्टर लोक शिकलेले आहेत, त्यांना आपोआप कळेलच. त्यांना कळलं नाही. अकराव्या महिन्यात समितीची मंजुरी आली. एका इंजेक्शनने कराड घटक मिहिकाच्या यकृतात लिहायचा. एकदा लिहिला की खोडता येत नाही. मग तीन आठवड्यांनी तिला दवाखान्यात छत्तीस तास उपाशी ठेवायचं आणि दाण्याचा आकडा बघायचा.

मिहिका हे सांगायला खाली पळत आली. शाळेत दर तीन तासांनी तिचं घड्याळ वाजायचं आणि तिला डबा उघडायला लागायचा. मुलांनी तिचं नाव ‘कॅन्टीन’ ठेवलं होतं. गणिताचा तास चालू असताना खाकरा मोडला की अख्खा वर्ग मागे वळायचा. अलीकडे ती डबा तसाच परत आणायची, आणि गेल्या तीन महिन्यांत दोनदा सलाइनवर जाऊन आली होती.

“छत्तीस तास, आत्या,” ती म्हणाली. “मग मी तुझ्यासारखी होणार. तुला पहिल्यांदा सगळ्यात अवघड काय गेलं?”

कांचनताईंनी तिला पाणी आणायला पाठवलं.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या आणि खरं बोलणं ही त्या दोन्हींपैकी एक आहे असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन करून लहान मुलांनी निर्जळ करू नये, शास्त्रात बसत नाही, असं सांगून पाहिलं. डॉक्टरांनी ‘ताई, आपल्या शास्त्रात बसतं’ असं आदराने उत्तर दिलं. मग त्यांनी दुसरा विचार केला, तो हेडक्लार्कचा होता. नियम मोडायचा नसेल तर अपवाद दाखवायचा. आपल्याच यकृताने आकडा वर नेला तर कराड घटक खोटा ठरेल, इंजेक्शन थांबेल, पोर वाचेल, आणि आपण अडतीस वर्षं काय करत होतो हे कोणाला कळायचं कारण नाही. त्यासाठी एकच करायचं होतं. पुढच्या एकादशीला खरोखर उपाशी राहायचं.

त्या एकादशीला त्यांनी डबी घरी ठेवली.

अकराला काही झालं नाही. दोनला झालं नाही, आणि एक क्षण त्यांना वाटलं की वर्तमानपत्रात आलं होतं ते खरंच असेल. पाचला कळ आली. द्वादशीच्या सकाळी त्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या आणि उजवा हात ओट्यावर आहे की नाही हे त्यांना बघून ठरवायला लागत होतं. तरी त्यांनी तोंडात काही घातलं नाही. आकडा नीट वर जाऊ दे, असं त्या मनात म्हणत होत्या. दहा वाजता खाली ॲम्ब्युलन्स आली. आकडा धोक्याच्या रेषेवर गेल्यावर ती दाण्यानेच बोलावली होती.

तिसऱ्या दिवशी त्या पुण्याच्या दवाखान्यात उशीला टेकून बसल्या. डाव्या हाताला ग्लुकोज लावलेलं, उजवा मांडीवर पडलेला. पलंगाशी गिरीश आणि मिहिका होते. डॉ. रणपिसे कागद घेऊन आल्या तेव्हा कांचनताईंना हायसं वाटलं.

“आता थांबवाल ना, डॉक्टर?”

थांबवायचं कारणच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाल्या. एका झटक्याने अडतीस वर्षं पुसली जात नाहीत. ताईंचं वय झालं, वयाबरोबर घटक क्षीण होतो. हे तर नवीनच कळलं, त्यावर वेगळा निबंध होईल. मिहिकाच्या वयात तो पुरा जोरात असेल. उलट आता उशीर करू नये. इंजेक्शन सोमवारी.

कांचनताईंनी खिडकीकडे पाहिलं. एवढं मरणाच्या दारात जाऊन आलेलंही या बाईने निबंधात घातलं. खोट्याला एकदा शास्त्राचा आधार मिळाला की ते आपल्या हाताने मोडणंही आपल्याला जमत नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “परवा मी उपवास केला.”

“हो ना, ताई.”

“तसं नाही. परवा केला. आयुष्यातला दुसरा.”

डॉक्टरांना वाटलं, औषधाची गुंगी आहे. तेव्हा कांचनताईंनी सगळं सांगितलं. न्हाणीघर, नळ, अकरा-दोन-पाच-आठ, प्रलंबित खण. जे अडतीस वर्षं लपवलं ते सांगायला सहा मिनिटं लागली. संपल्यावर डॉ. रणपिसे पलंगाच्या कडेवर बसल्या. डॉक्टरांनी पेशंटच्या पलंगावर बसायचं नसतं. मग त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

“लाडू किती ग्रॅमचा?”

“बावीस. मोठा असला तर चोवीस.”

गिरीश उठून खिडकीशी गेला. तिथून त्याने मागे न वळता विचारलं, “आई शेवटच्या वर्षी तुझ्या पाया पडायची, ताई. तू पडू दिलंस?”

“दिलं,” त्या म्हणाल्या.

“आणि मला भुक्कड म्हणायचीस.”

“तुझं बरोबर होतं, गिरीश. तुला नुसतं कारण माहीत नव्हतं.”

तो बाहेर निघून गेला. पुढचे चार महिने तो ताईशी कामापुरतं बोलला, आणि त्याचं काही चुकलं असं कोणाला म्हणता येणार नाही.

मिहिका मात्र पलंगापाशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कामाचा होता.

“अडतीस वर्षं कोणालाच कळलं नाही? मग मलाही शिकव. वर्गात कोणाला न कळता कसं खायचं ते.”

हे मागणं सोपं होतं. याबाबत त्यांच्याइतकी जाणकार व्यक्ती भारतात नव्हती. कोणतं कागदात गुंडाळायचं, काय चावताना आवाज होत नाही, खोकला कधी काढायचा, सगळं त्यांच्याजवळ तयार होतं. पण बावीस ग्रॅमसाठी आपण किती वेळा कड्या लावल्या, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच मोजलं.

“ते नाही शिकवणार,” त्या म्हणाल्या. “दुसरं दाखवते. पण आधी हात उचलू दे.”

हात उचलायला सात आठवडे लागले. त्यानंतरच्या एकादशीला मंडळाच्या हॉलमध्ये भजन होतं. पुढच्या रांगेतली त्यांची खुर्ची मोकळीच ठेवलेली होती, कारण बातमी बाहेर आली नव्हती. डॉक्टरांनी फक्त ‘प्रयोग मागे घेतला’ एवढंच कळवलं होतं. कांचनताई मिहिकाला शेजारी घेऊन बसल्या. अकरा वाजता मिहिकाच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. दोनशे बायका वळल्या. मिहिकाने मान खाली घातली आणि पिशवीवर हात ठेवला, उघडली नाही.

कांचनताईंनी स्वतःची डबी काढली. उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नव्हती, म्हणून झाकण उघडायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात टाळ थांबले. त्यांनी एक लाडू मिहिकाला दिला, एक स्वतः घेतला, आणि पुढे बघत, सावकाश, तोंड न झाकता खाल्ला. मग पाणी मागितलं.

अध्यक्षीणबाईंनी जवळ येऊन ‘ताई, तब्येत बरी नाही का’ असं हळू विचारलं. त्यांना वाट काढून द्यायची होती. बाई चांगल्या होत्या.

“बरी आहे,” कांचनताई म्हणाल्या. “मी नेहमी याच वेळेला खाते. आज बाहेर बसून खाल्लं.”

मंडळात यावर पुढे काय काय बोललं गेलं ते कल्पनेवर सोडलेलं बरं. कल्पना कमी पडेल. तिघींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोघी मात्र ताईंकडून सगळं विचारून घेऊन आठवड्याच्या आत आपापल्या दुखऱ्या पोटांसह पुण्याला तपासणीला जाऊन आल्या. त्यांतल्या एकीच्या मुलात दोष सापडला, नऊ वर्षांचा, अजून एकदाही न दुखलेला. मिहिकाने वर्गात डबा उघडायला सुरुवात केली. तिला कॅन्टीन म्हणायचे ते म्हणतच राहिले, पण आता ती त्यांना काय हवंय ते विचारायची.

डॉ. रणपिश्यांनी आधीचे दोन निबंध मागे घेतले, ज्याला हिंमत लागते, आणि त्या अकरा महिन्यांचे दाण्याचे आकडे कांचनताईंच्या वेळापत्रकाशेजारी मांडले. उपाशी यकृताला किती पिठूळ-गोड, किती वेळाने दिलं म्हणजे ढीग लागत नाही, याची इतकी लांब आणि इतकी नेटकी नोंद जगात दुसरीकडे नव्हती. कोणत्याही समितीने ती कोणाला करूच दिली नसती. त्यावरून लहान मुलांसाठीचं पहिलं वेळापत्रक ठरलं, आणि दाण्याचा इशारा कळ येण्याच्या आधी नाही, तर खायची वेळ टळण्याच्या आधी यायला लागला. चौसष्ट मुलांवर ते दोन वर्षं वापरून पाहिलं. वर्षाला सहा झटके येणाऱ्यांना एक किंवा दोन यायला लागले. निबंधाच्या पहिल्या पानावर तिसरं नाव क. देशमाने असं आहे, आणि त्यापुढे संस्थेच्या जागी पाटबंधारे खातं.

राजगिऱ्यात काही विशेष गुण आहे का, हे पाहण्यासाठी निम्म्या मुलांना लाडवाऐवजी दुकानातली साधी ग्लुकोजची बिस्किटं दिली होती. परिणामात फरक आढळला नाही.